घट्ट बसवलेलं बूच

प्रिय बाबा,

तुम्हा दोघांना प्रेमाचा नमस्कार. मी अगदी मजेत आहे. इथे मळ्यावर द्राक्षं तुडवून पाय जांभळे झालेत, एवढंच.

नव्या द्राक्षारसाने चामड्याचा जुना बुधला फुटतो, हा शास्त्रातला दाखला चर्चमधल्या तुमच्या प्रवचनात लहानपणापासून ऐकला. पण कळला काल. ताजा, फसफसणारा रस मी बाटलीत भरला आणि बूच घट्ट बसवलं. ते उडालं ते थेट मुकादमाच्या टकलावर! सगळे पोट धरून हसले, तोही. म्हणाला, “पोरी, नव्या रसाला श्वास घ्यायला जागा ठेवावी!”

आईचे गुडघे कसे आहेत? नवी वहिनी मोठ्याने हसली की तुम्ही दटावता, असं तिनेच मला लिहिलंय. बाबा, घरातलं बूचही जरा सैल ठेवा. टक्कल तुम्हालाही आहे!

तुमची,
जांभळ्या पायांची धाकटी