फ्राउ बेरेन्स यांचं निळ्या फुलांचं भांडं

वोल्फ्सबुर्ग, जर्मनी,
रविवार (इथे रविवारी आवाज करायला बंदी असते, म्हणून आवाज न करता लिहितो आहे)

ती. सौ. ऊर्मिलावहिनींना धाकट्या दिराचा, चारुदत्तचा, साष्टांग नमस्कार.

(साष्टांग लिहायला काही लागत नाही. प्रत्यक्ष घालायचा तर खालच्या मजल्यावरच्यांना आधी कल्पना द्यावी लागेल.) तुमचा खांदा आता कसा आहे? हात डोक्याच्या वर जायला लागला का, की अजून वरच्या फळीवरचे डबे दादाच काढून देतो आणि भलताच डबा काढतो? त्याचं बीपी तुमच्या ताब्यात आहे, त्यामुळे त्याची चौकशी करत नाही. उत्कर्ष हॉस्टेलवर गेल्यापासून घर फार मोठं झाल्यासारखं वाटतं असं तुम्ही म्हणाला होतात, ते मात्र लक्षात आहे. मुक्ता, अन्वी आणि मी, आम्ही तिघंही इकडे खुशाल आहोत आणि तेही इथल्या पद्धतीने. म्हणजे डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत माणूस आपसूक बरा होतो, मग ती वेळ रद्द करायला फोन करावा लागतो आणि तो फोन कोणी उचलत नाही.

पत्र लिहायचं कारण म्हणजे तुमचा प्रश्न. परवा व्हिडिओ कॉलवर दादा मागे उभा राहून त्याने कधी न पाहिलेल्या रस्त्यांची तारीफ करत होता, आणि तुम्ही मध्येच मला एवढंच विचारलंत, "भाऊजी, तिथे माणसं आहेत का?" मी म्हणालो, आहेत की, लाखभर तरी असतील. त्यावर तुम्ही नुसतं "हं" म्हणालात. तुमचं "हं" मी लग्न होऊन तुम्ही आमच्या घरात आलात तेव्हापासून ओळखतो. कंपनीने दादाला इथे येण्याबद्दल महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितलं आहे, दादा बॅग भरून बसला आहे, आणि ती बॅग त्या "हं"पाशी अडली आहे हे मला तेव्हाच कळलं. म्हणून आता सविस्तर उत्तर देतो. व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं, पण तुमच्या फोनवरचे मेसेज तुमच्या आधी दादा वाचतो. (नाही म्हणू नका, माझा भाऊ आहे तो.)

तर गावाबद्दल खरं सांगायचं तर कालव्याच्या पलीकडे कारखाना आणि अलीकडे आम्ही. कारखान्याची पाळी सुटली की रस्ते भरतात, मग जे रिकामे होतात ते दुसरी पाळी सुटेपर्यंत. संध्याकाळी फिरायला निघालात तर सिग्नलला एखादा माणूस उभा दिसेल. दोन्हीकडे नजर पोचेल तिथवर गाडी नसते, तरी तो हिरव्या दिव्याची वाट बघत असतो. त्याच्या शेजारी गुपचूप उभं राहायचं, विशेषतः जवळपास लहान मूल असेल तर. उन्हाळ्यात कारखान्याला सुट्टी लागली की गावाला कुलूप लागतं. गाडीशिवाय इथे काही खरं नाही, आणि तुमची अॅक्टिव्हा चालवायची पद्धत इथे दाखवलीत तर आपल्या घराण्याचं नाव सरकारदरबारी जाईल. ड्युसेलडॉर्फला असतात तशी मराठी मंडळं, इडलीचं पीठ वगैरे इथे फारसं नाही. कढीपत्ता आला की ग्रुपवर मेसेज येतो आणि मी पोचेपर्यंत संपतो. मराठी इंजिनिअर बरेच आहेत, पण तेही इथे येऊन सुधारले आहेत. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या रुपेशने आम्हाला चहाला बोलावलं, ते पुढच्या महिन्यातल्या एका शनिवारी, आणि चहा किती वाजता संपेल हेही निमंत्रणात लिहिलं होतं. पण तुम्ही काळजी करू नका, आम्ही आहोतच.

आता माणसांकडे येतो. आम्ही इथे उतरलो शनिवारी संध्याकाळी. रविवारी सकाळी पाहतो तर घरात चहा पावडर, साखर, आलं, गाळणं, आईने बळेच दिलेली किसणी, सगळं होतं, दूध नव्हतं. रविवारी दुकानं बंद असतात हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ मी आपल्याकडचा घेतला होता, म्हणजे शटर अर्धं खाली आणि बाजूने हात घातला की पिशवी मिळते. नाही मिळत. मग मी तेच केलं जे चिंचवडला तुम्ही मला शंभरदा करायला लावलं आहे. स्टीलचा पेला घेतला आणि समोरच्या दाराची बेल वाजवली. दार उघडलं फ्राउ बेरेन्स यांनी. (फ्राउ म्हणजे आपलं श्रीमती. वय पंच्याहत्तरच्या पुढे, अंगाने ताठ. यजमान इथल्या कारखान्यात आयुष्यभर होते, आता नाहीत. मुलगा म्युनिकला असतो आणि नाताळला येतो.) त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पेल्याकडे पाहिलं. मी पाठ केलेलं जर्मन वाक्य म्हणून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आज रविवार आहे," आणि दार लावून घेतलं. मी परत येऊन मुक्ताला सांगितलं की माणसं आहेत, पण नसल्यासारखी आहेत. तेवढ्यात आमची बेल वाजली. बाई दारात उभ्या आणि हातात निळ्या फुलांचं, झाकणाचं चिनी मातीचं भांडं, त्यात काठोकाठ दूध. बिनझाकणाच्या पेल्यातून जिन्यात दूध सांडतं, सांडलं की पुसावं लागतं, आणि या आठवड्यात जिना पुसायची पाळी त्यांची आहे, हे त्यांनी मला अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं समजावलं.

(पाळीवरून आठवलं. इथे जिना झाडायची पाळी आली की शेजारी आपल्या दारावर केरसुणीचं चित्र असलेली लाकडी पाटी अडकवून जातात. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि पाटी आली ती नेमकी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. मुक्ताला वाटलं, काय पण लोक आहेत, यांच्यातही आज केरसुणीला मान आहे. तिने पाटीला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि नमस्कार केला. जिना तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी फ्राउ बेरेन्स खुलासा मागायला आल्या, मुक्ताने तो दिला, आणि त्यांनी तो मान हलवून मान्य केला. पण एकदा झालेली गोष्ट इथे नियम होते. आता कुंकू पुसट झालं की त्या स्वतः पाटी घेऊन येतात आणि मुक्ताला म्हणतात, नूतनीकरण करायला हवं.)

तर भांडं. सोमवारी ते परत करायचं होतं, आणि शेजारचं भांडं आपण रिकामं परत करत नाही. चिमूटभर साखर का होईना, घालून देतो. मुक्ता चिमटीवर थांबली नाही, तिने बेसनाचे लाडू भरून दिले. इथेच आमचं चुकलं, कारण फ्राउ बेरेन्स यांना कोणाचं काही मिळालं आणि त्यांनी फेड केली नाही असं होत नाही. चार दिवसांत भांडं परत आलं, आलुबुखाराच्या मुरंब्याने भरलेलं. आता भांडं त्यांचं, म्हणजे परत करणं आलं; रिकामं चालत नाही, म्हणजे भरणं आलं. चिवडा गेला, सफरचंदाचा केक आला. शंकरपाळे गेले, बिस्किटं आली. मी कंपनीत शॉक अॅब्सॉर्बरवर काम करतो. खड्ड्यातून गेलेली गाडी कधीतरी हलायची थांबली पाहिजे, एवढ्यासाठीच मला पगार मिळतो. पण दोन दारांमध्ये गेली दोन वर्षं जे भांडं हलतं आहे ते थांबवायचं तंत्र मला सापडलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, खाण्यापिण्याचं ठीक आहे, अडीअडचणीचं काय? तेही सांगतो. गेल्या थंडीत मी कामासाठी परगावी होतो आणि अन्वीला ताप भरला. मुक्ताने फोन लावला तर डॉक्टरकडची वेळ पुढच्या आठवड्यातली. ती जिन्यात येऊन उभी राहिली, बेल वाजवायचंही तिला सुचत नव्हतं. फ्राउ बेरेन्स यांनी दार उघडून तिच्याकडे पाहिलं, फोन घेतला, आणि मी रविवारी काचेच्या बाटल्या टाकायला गेलो होतो तेव्हा माझ्यासाठी जो आवाज लावला होता तोच लावला. अर्ध्या तासात अन्वी डॉक्टरसमोर होती. बाई बर्फात तिला स्वतःच्या शालीत गुंडाळून घेऊन गेल्या, आणि परत येताना मुक्ताला बोलल्या की मुलीला बनियन घालत नाही म्हणजे काय. तेव्हापासून अन्वी त्यांना ओमा म्हणते, म्हणजे आजी. (अन्वीला मराठीत काही विचारलं की उत्तर जर्मनमध्ये येतं. आपल्या आईला फोनवर यामुळेच नातीचा थांगपत्ता लागत नाही. ओमाला लागतो.) त्या बाईचे उपकार मी कसे फेडणार, वहिनी? लाडवांनी फिटतील असे ते नाहीत.

तरीही मी एकदा भांडं थांबवायचा प्रयत्न केला. माझं कोलेस्टेरॉल पाहून डॉक्टरने तोंड वाकडं केलं होतं. गेल्या महिन्यात मुक्ता दोन दिवस बाहेरगावी गेली (कशाला, ते पुढे येईल) आणि भांडं आमच्याकडे होतं. मी ते धुतलं, पुसलं आणि रिकामं नेऊन दिलं. बाईंनी झाकण उघडलं आणि आत बराच वेळ पाहत राहिल्या. मग हळू आवाजात विचारलं, "मुक्ता आजारी आहे का?" मी नाही म्हणालो. "मग तुमचं भांडण झालं आहे का?" तेही नाही म्हणालो, पण खोटं बोलणारा माणूस म्हणतो तसं. संध्याकाळी भांडं परत आलं, बटाट्याच्या वाफाळत्या सूपने भरलेलं. म्हणाल्या, "यात सॉसेज नाही. मुक्ता खात नाही. त्यामुळे हे खरं सूप नाही, पण गरम आहे." मग आत येऊन बसल्या, अन्वीला जेवायला घातलं, मलाही घातलं, आणि मुक्ता खरंच परत येणार आहे ना हे जाताना पुन्हा एकदा विचारून गेल्या. रिकामं भांडं पाहून घाबरणारं माणूस आपल्याला परक्या गावात मिळालं आहे, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे असं आहे. दादाला रस्त्यांबद्दल बोलू द्या, ठरवा मात्र तुम्ही. आईबाबांना नमस्कार सांगा. उत्कर्षला आशीर्वाद आणि फोन उचलायची बुद्धी.

तुमचा,
चारुदत्त

ता. क. येताना मिक्सर जरूर आणा, पण रविवारी लावू नका.

ता. क. २. मुक्ता बाहेरगावी गेली होती ती लुडविग्सहाफेनला, मुलाखतीला. एवढी वर्षं केमिस्ट्रीची पदवी कपाटात ठेवून ती माझ्या मागे हिंडली, आता तिला तिच्या कामाची नोकरी लागली आहे. सप्टेंबरमध्ये आम्ही तिकडे चाललो. वर कुठेतरी "आम्ही आहोतच" असं लिहिलं आहे, ते वाचताना सोडून द्या. पेनाने लिहिल्यामुळे खोडलं तर दिसलं असतं.

ता. क. ३. फ्राउ बेरेन्स यांना आम्ही हे सांगितलं तेव्हा त्या "गेनाऊ" म्हणाल्या. त्याचा अर्थ "अगदी बरोबर" असा आहे, पण त्यांचा चेहरा तसं म्हणत नव्हता. मग त्यांनी विचारलं, "आणि समोर कोण येणार?" वहिनी, मला त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही. मी म्हणालो, माझी वहिनी. तुम्हाला न विचारता म्हणालो, रागवा हवं तर. घरमालक त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत, त्यामुळे घराचं जमल्यातच आहे. त्यांनी तुमचं नाव माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि हल्ली जिना पुसताना त्याचा सराव करतात. "ऊर्मिला" आता जवळजवळ येतं.

(इथून पुढे मुक्ताचं अक्षर.)

वहिनी, यातलं निम्मं सोडून द्या. भांडं थांबवायचं म्हणतो, पण ते पोचवायला चारूच जातो आणि तासभर तिथेच बसतो. नोकरीचा आनंद मला आहे, पण या बाईंना सोडून जाताना मला आईला सोडून येतानाइतकंच जड जातं आहे. नागेशदादांच्या नोकरीसाठी येऊ नका, आमच्यासाठी तर नकोच, आम्ही नसणार. मनापासून यावंसं वाटलं तरच या. भांडं सध्या आमच्याकडे आहे. धुऊन ठेवलं आहे. जाण्याआधी ते परत द्यायचं आहे, आणि या वेळी त्यात काय घालावं ते मला सुचत नाही. तुमचं "येते" एवढं आलं तरी मी तेच चिठ्ठीवर लिहून घालीन. नाही आलं तर बेसनाचे लाडू करीन. पण झाकण उघडल्या उघडल्या त्यांना कळेल.