बाबाच्या रेषांचा बोर्ड

बाबा,

शाळेला पळतेय. तुझ्या टेबलावरचा सर्किट बोर्ड मी केलाय! तांब्याचा थर असलेल्या पाटीवर काळा रंग दिला, नको तिथला लेझरने जाळला आणि उघडं पडलेलं तांबं द्रावणात विरघळवलं. पहिला बोर्ड आरशातल्यासारखा उलटा आला, हसू नकोस. बेसिनवरचे पिवळे डाग माझेच, आईला मीच सांगेन.

सर्किटचा नकाशा तुझ्या वहीतला, न विचारता घेतला, सॉरी. हात थरथरायला लागल्यावर तू काढलेलं ते शेवटचं पान. रेषा वाकड्या होत्या, मी मुद्दाम तशाच ठेवल्या. मीटर लावून पाहिलं, वीज त्यांतूनही मस्त धावते.

संध्याकाळी त्यावर सुटे भाग जोडायचं सोल्डरिंग मी करणार, तू शेजारी बसून चुका काढायच्या. नुसतं 'छान छान' केलंस तर बघ!

तुझी उचापती