अहो-जाहोची स्पॅनिश

बाबा, पन्नाशीला टेकल्यावर मी स्पॅनिश शिकतेय. उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या ज्या जीन्सच्या कारखान्यात मी ऑफिस सांभाळते, तिथे आता मेक्सिकोची ऑर्डर येते. आमचे सिंधी शेठ म्हणाले, "ताई, तुम्ही शिकून घ्या, मेरे से नहीं होगा." क्लास ऑनलाइन, बाई स्पेनच्या. त्यांच्याकडे 'तुम्ही सगळे' म्हणायचे दोन प्रकार, एक घरोब्याचा आणि एक मानाचा. शिवाय आशा किंवा शंका असली की क्रियापद वेगळंच रूप घेतं, आपल्या 'यावं, बसावं, व्हावं'सारखं. मी घरोब्याचा प्रकार घोकला.

मागच्या महिन्यात तिकडची तीन माणसं माल बघायला आली. दारातच मी घोकलेल्या घरोब्याच्या स्पॅनिशमध्ये म्हटलं, "प्रवास नीट झाला असावा तुमचा." तिघं एकमेकांकडे बघत राहिली. मग त्यांच्यातल्या वयस्कर बाई इंग्रजीत म्हणाल्या, "असं आमच्याकडे फक्त चर्चमध्ये बोलतात. मला वाटलं, तुम्ही आशीर्वाद देताय." त्यांच्याकडे म्हणे सगळ्यांना मिळून एकच रूप, मानाचं. पोरांना, कामगारांना, कुत्र्यांनासुद्धा.

कुत्र्यांनासुद्धा म्हटल्यावर मला तुम्ही आठवलात. आपल्या मांजरीला तुम्ही "बाहेर व्हावं" म्हणायचात आणि ती ढिम्म हलायची नाही. बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायचो तेव्हाची गोष्ट, मी नववीत होते. गॅलरीतून मी खालच्या भंगारवाल्यांना "ए भंगार" अशी हाक मारली. तुम्ही अंबरनाथहून पहिली पाळी करून नुकते आला होतात. चहाचा कप खाली ठेवून म्हणालात, "खाली जा. अहो म्हणून बोलाव त्यांना." मी धावतेय, गल्लीच्या टोकाला त्यांना गाठते आणि म्हणते, "अहो, जरा थांबावं." त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, मग हातगाडी सोडून हात जोडले. "बेटी, मैंने कुछ नहीं उठाया."

तुम्ही त्यांना वर बोलावून चहा दिलात. ते खुर्चीच्या कडेवर बसून दाराकडे बघत तो प्यायले. ते गेल्यावर मी हसायला लागले, तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, "माझ्या बापाला अख्खं गाव 'ए' म्हणायचं. म्हातारा झाला तरी. आपल्या घरातून कुणाला 'ए' जाणार नाही."

पाहुण्यांसमोर मी लगेच मानाचं रूप धरलं. आता ऑर्डरचे फोनही त्यातच घेते, आणि तिकडून कुणी हसत नाही.

काल परीक्षा झाली. शेवटचा प्रश्न होता: आता होणं शक्य नाही, तरी व्हावंसं वाटतं, असं एक वाक्य लिहा. माझं वाक्य तयार होतं. 'बाबा इथे असते तर.' क्रियापद दोनदा तपासलं, बरोबर होतं. मग ते खोडलं आणि लिहिलं, 'माझ्याकडे विमान असतं तर.' पैकीच्या पैकी गुण मिळाले. बाईंना खरं काही सांगितलं नाही.