माफी कोणी मागितली?

१२ मे २०२४, नांदेड

बाबांनी आईची माफी मागितली! आमच्या बाबांनी!! मुदखेडला रेल्वेत छत्तीस वर्षं नोकरी केली, घरात कधी गोड शब्द नाही — आणि आज ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "रेणुका, लई मारलं तुला. चुकलं माझं." आईची भाकरी तव्यावरच करपली. मग ती मोरीत जाऊन रडली. मलाही आवरेना.

२ जून

बाबा रोज आईला चहा करून देतात. साखर विसरतात. आई तोच मिटक्या मारत पिते!

१९ जून

काल बाबांना फिट आली, म्हणून एमआरआय. मेंदूत पुढच्या बाजूला गाठ.

डॉक्टरांनी विचारलं, स्वभावात काही फरक? आई हरखून म्हणाली, "हाव, लई चांगले वागून राहिले!" डॉक्टर म्हणाले, "तेच लक्षण. तो भाग दबला की माणूस असा पालटतो." आईचा चेहरा बघवेना.

वीस वर्षं कॉलेजात इच्छास्वातंत्र्य शिकवतेय मी. माणूस स्वतः ठरवतो, म्हणून तर नीती — किती वेळा फळ्यावर लिहिलं! आणि आमच्या घरातला एकुलता एक पश्चात्ताप गाठीचा निघावा? धम्मात हेतूलाच कर्म म्हणतात. हेतूच गाठीचा असेल तर? डोकं चालेना झालंय.

२१ जून

ऑपरेशनच्या कागदावर आई सही करेना! "चाळीस वर्षांत ह्यो एक महिना संसार झाला माझा. त्योच कापून काढायचा?" मी हादरले. चिडलेही — अगं, माणूस जाईल! संध्याकाळी केली तिनं सही. माझ्याकडे न बघता.

२५ जून

गाठ काढली. कॅन्सर नाही. सुटलो! आईनं चहा मागवला, बिनसाखरेचा.

१४ जुलै

बाबा पहिल्यासारखे. अगदी पहिल्यासारखे. भाजी अळणी म्हणून ताट भिरकावलं. मला राहवलं नाही. विचारलं, बाबा, आईची माफी मागितली होती तुम्ही, आठवतं?

"आठवतं की. पण ते मी न्हवतो, महामाया. गाठ व्हती ती."

आई सांडलेलं गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "मग मारत व्हते, ते कोण व्हते?"

बाबा हात धुवायला उठले. मी तत्त्वज्ञानाची प्राध्यापक — खाली बसून तिच्याबरोबर सांडलेलं वेचू लागले.

१५ जुलै

आई मुरुडला मामाकडे निघाली. कायमची! म्हटलं, आई, रागाच्या भरात काही ठरवू नकोस. पिशवीची चेन ओढत म्हणाली, "राग न्हाई गं माय. पायजे तर माझं बी डोकं तपासून घे. गाठ न्हाई निघायची."