वैभवीची मे

आखाडा बाळापूर,
५ ऑक्टोबर २०२५

ती. आबांना दिपालीचा सा. न. वि. वि.

लग्नात तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात, त्या आधारानं लिहिते. ज्या साधनाताईंच्या जागी मी आले, त्यांच्या वडिलांना लिहिताना हात अडतो. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट अंगणात उभं राहून ओरडून सांगण्यासारखी नाही.

साधनाताईंची वैभवी मला माय म्हणत नाही. म्हणावं असा माझा हट्टही नाही. दहा वर्षांच्या लेकराला आई जाणं म्हणजे काय ते पुरतं कळतं. पण हल्ली ती मला ‘मे’ म्हणून हाक मारते. शेजारच्या धुरपताबाई हसून म्हणाल्या, की मे मे म्हणत पोरीनं सावत्र आईची शेळी करून टाकली. ह्यांना वाटतं, आमचं लग्न मे महिन्यात झालं म्हणून ती चिडवते. ते तिला रागावणार होते, मीच अडवलं.

दिवाळीला ती तुमच्याकडे येते आहे. तिच्या कलानं विचारून बघा, मी कुठं कमी पडते.

आईंच्या पाया पडते. जीव लावलात, तो राहू द्या.

दिपाली

साखरा,
२५ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. दिपालीस आबाचे अ. आ.

पोरगी खुशाल आहे. करंज्यांपेक्षा सारणावरच तिचा हात जास्त, म्हणून तिची आजी चांगुणाबाई डबा लपवून ठेवते.

परवा शेळ्यांमागे हिंडताना विषय काढला. आधी मी माझी अक्कल पाजळली, की उन्हाळ्यात शेळ्या पाण्यासाठी ओरडतात म्हणून त्या महिन्याला मे म्हणत असतील. पोरगी हसून हसून खाली बसली. मग म्हणाली, आबा, तसं न्हाई. शाळेत सरांनी महिन्यांची नावं कुठून आली ते शिकवलं. मे हे लॅटिनमधून आलं, माइया नावाच्या देवीवरून. रोमन लोक तिला वाढीची देवी मानायचे. आमच्याकडे मेमध्ये नुसतं ऊनच वाढतं असं मी म्हणालो, तर तिनं मला गप्प केलं. तिकडच्या जुन्या कथेत या माइयानं आईपासून तुटलेलं एक लेकरू सांभाळलं म्हणे.

मग माझी माय एकच हाय, ते नाव दुसऱ्या कुणाला कसं देऊ, असं म्हणाली. पण काकू म्हणावं, तर काकू काही रोज वेणी घालत न्हाई, ताप आल्यावर उशाला बसत न्हाई. म्हणून माइयाची मे. लोक हसतील म्हणून कुणाला सांगितलं नाही.

दिपाली, तुला त्या घरात पाहिलं तेव्हा मला बरं वाटलं नव्हतं, खोटं काहून बोलू? लेकीचं दुःख आहे तिथंच आहे. पण पोरीनं मायचं नाव जपलं आणि तुलाही नाव दिलं. मला म्हाताऱ्याला एवढं सुचलं नसतं. तू कुठंच कमी पडत नाहीस.

तिला न्यायला जावयांना, शिवहाररावांना, पाठवू नको, तूच ये. लेक माहेरी येते तशी चार दिवस राहायला ये. चांगुणाबाई वाट बघून राहिली.

तुझा,
आबा

आखाडा बाळापूर,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. आबा व आई यांना सा. न.

तुमच्याकडून आल्यापासून घर गोड लागत नाही. आईंनी दिलेलं लोणचं ह्यांनी निम्मं संपवलंसुद्धा.

काल वैभवीला घेऊन बाजारात बांगड्या भरायला गेले. मे, हिरव्या घे, असं तिचं चाललं होतं. कासारणीनं विचारलं, ही तुला मे काहून म्हणून राहिली, तुझी कोण लागते? मी बोलायच्या आत वैभवीच म्हणाली, की मे म्हंजे मायच व्हय. बाईला कळलं नाही असं वाटून तिनं तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं. अख्खं दुकान आमच्याकडे बघत होतं.

माझा हात कासारणीच्या हातात तसाच राहिला आणि मी भर बाजारात रडले, आबा. वैभवी घाबरली. बांगडी लागली का, असं विचारू लागली. मी हो म्हणाले.

आपली,
दिपाली