दोन सारखे दोरे

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चिमणीच्या लग्नात तिचा बाप दुसऱ्या कुणी शिवलेला कोट घालून उभा राहिला, तर मी मांडवात पाऊल टाकणार नाही, हे तुला ठाऊक आहेच. गडद निळं कापड आणून ठेवलंय. मापं इंचात पाठवू नकोस. तुमच्या घरची मापपट्टी ताणून ताणून सैल झाली आहे, आणि तू आकडे आपल्या सोयीने वाचतोस, विशेषतः पोटाचे. नेहमीसारखे दोरे पाठव. छाती, पोट, खांदे, बाही आणि दोन्ही दंड वेगवेगळे. दंड कोपराच्या चार बोटं वर मोजायचा. जिथे माप संपेल तिथे गाठ, आणि प्रत्येक दोऱ्याला चिठ्ठी.

आता दुसरी गोष्ट. पंचावन्नाव्या वर्षी तू शीर्षासन करतोस, हे वाचून मी आधी हसले आणि मग हसू गेलं. लहानपणी तू कोलांटी मारायलाही माझा हात धरायचास. त्या योगवर्गाच्या बाईंचं तू एका पानात तीनदा कौतुक केलं आहेस. मला कौतुकाचा संशय येतो. चाळीस वर्षं गिऱ्हाइकं बघतेय, पहिल्याच भेटीत माझ्या शिवणीची तोंड भरून स्तुती करणारेच महिन्याभराने कोट परत घेऊन येतात. बाई हे कुठे शिकल्या? तू उलटा असताना त्या कुठे उभ्या असतात? उत्तर सविस्तर लिही, थापा मारू नकोस.

वहिनीला आणि चिमणीला आशीर्वाद. माझी माया कागदावर मावत नाही, म्हणून बोलणी खा.
तुझी,
ताई

ता. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

दोरे सोबत आहेत. पोटाचा दोरा बघून टोमणा मारशील, तो आत्ताच ऐकला असं समज. वर्ग छान चाललाय. आठवड्यातून चार दिवस सकाळी साडेसहाला चटई घेऊन बाहेर पडतो, सव्वाआठला परत. आता भिंतीशिवाय पन्नास श्वास उलटा राहतो. बाई शेजारीच असतात, तुझा संशय त्यांना कळवतो म्हणजे त्याही हसतील.

दुकानात मात्र काहीतरी शिजतंय. डिसेंबरपासून मालक मला नुसती भिंतीवरची घड्याळं देतात. मनगटी घड्याळं सगळी शेजारच्या टेबलावर जातात, परवा आलेलं घड्याळही तिकडेच गेलं. तीस वर्षं खिडकीजवळच्या त्या टेबलावर मी भिंग लावून बसतोय, आणि आता मला बशीएवढी चाकं साफ करायला बसवलंय. कुणीतरी माझ्याविरुद्ध त्यांचे कान भरलेत. कोण ते मला कळलंय, पण इतक्यात लिहीत नाही.

बाकी सर्व ठीक. तुझ्या रागावरचा आमचा हक्क असाच राहू दे.
तुझा,
धाकटा

ता. २० फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या नवऱ्याला दाखवू नकोस. त्याने पाठवलेले दंडांचे दोन दोरे मी एकत्र धरून बोटांतून ओढले, तर गाठीला गाठ लागली. केसाचाही फरक नाही. अगं, माणसाचे दोन दंड कधी सारखे नसतात. त्याचे तर नाहीतच. सगळं आयुष्य उजव्या हाताने काम केलेला माणूस तो. त्याच्या मागच्या तीन कोटांचे कागद माझ्या पेटीत आहेत, तिन्हींत उजवा दंड अर्ध्या बोटाने जास्त आहे. याचा अर्थ एकच, त्याने डावा दंड दोनदा मोजला. शिंपिणीला फसवायला निघाला आणि नेमकं तेच विसरला जे शिंपिणीला आधी दिसतं.

उजवा दंड मला कळू नये असं त्याला का वाटतंय? कुठेतरी पाणी मुरतंय. तू जरा डोळे उघडे ठेव आणि बघशील ते लिही. मीठमसाला लावू नकोस, आणि मला वाईट वाटेल म्हणून काही गाळूही नकोस.

तुझ्यावर माझा भरवसा आहे, तो त्याच्यावर नाही.
तुझी,
वन्सं

ता. २७ फेब्रुवारी

ती. वन्संना,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी तुम्हाला लिहू की नको याच विचारात होते. मला वाटत होतं माझंच मन वाईट.

पाहिलं ते लिहिते. हे चहाचा कप डाव्या हाताने उचलतात. शर्टाची बटणं मी पाठ फिरवल्यावर लावतात आणि त्याला फार वेळ लागतो. मागच्या आठवड्यात चिमणीच्या साखळीचा फासा निघाला, तो बसवायला यांनी नकार दिला. असली कामं हे हसत हसत करायचे. दंड मोजू द्या म्हटलं तर चिडले, मी तुमची हेर झाले आहे असं म्हणाले. चोराच्या मनात चांदणं. सकाळी परत येतात तेव्हा टाळूजवळ लाल वण असतो आणि मान ताठ धरलेली असते.

आता खरं सांगते. परवा बाजारात वर्गातल्या एक बाई भेटल्या. यांची तब्येत कशी आहे, असं त्यांनी मलाच विचारलं. डिसेंबरपासून हे वर्गाला आलेच नाहीत म्हणे! मग आठवड्यातले चार दिवस चटई काखोटीला मारून हे जातात कुठे? मनात नको नको ते येतं, वन्सं. मुलीचं लग्न तोंडावर आलंय आणि मी नवऱ्याचे खिसे तपासतेय. खिशांत काही सापडत नाही, त्याचीही भीती वाटते. या माणसाला घड्याळांशिवाय दुसरं काही येत नाही. हातालाच काही झालं असेल तर ते जगतील कसे?

योगवर्ग घेणाऱ्या बाईंचा पत्ता मागे लिहिला आहे. तुमच्या आशीर्वादाचा आधार असू द्या.
तुमची,
भावजय

ता. ४ मार्च

योगवर्गाच्या शिक्षिका यांस,
सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

आपली ओळख नाही. घड्याळदुरुस्ती करणारे जे गृहस्थ आपल्याकडे येत होते, त्यांची मी थोरली बहीण. माझा भाऊ आपल्याकडे शीर्षासन शिकला आणि आता त्याला उजवा हात धड वापरता येत नाही. पंचावन्न वर्षांच्या माणसाला डोक्यावर उभं करण्याआधी आपण काय तपासलं? तो यायचा बंद झाला तेव्हा त्याच्या घरी साधा निरोप का पाठवला नाही? काहीतरी घडलं आणि आपण ते दडपलं, असा माझा स्पष्ट संशय आहे. खरं काय ते कळवावं.

उत्तर आलं तर आभारी राहीन. नाही आलं, तर स्वतः येईन.
आपली,
गृहस्थांची बहीण

ता. ११ मार्च

थोरल्या भगिनींस,
सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

आपलं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा, आपल्या जागी मी असते तर हेच लिहिलं असतं असं वाटलं. मी आपल्या भावाला शीर्षासन कधीच करू दिलं नाही. चार महिन्यांत त्यांचे पाय एकदाही जमिनीवरून उचलू दिले नाहीत.

या आसनाचं नाव फसवं आहे. लोकांना वाटतं डोक्यावर उभं राहायचं. उभं राहायचं असतं ते हातांवर. कोपरं खांद्यांच्या बरोबर खाली, त्याहून फाकलेली नकोत. बोटं गुंतवलेली, आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात जमिनीला जोर लावणारा. तो जोर लागला की खांदे कानांपासून दूर उचलले जातात आणि मान लांब, मोकळी राहते. दंडामागचा स्नायू आणि पाठीच्या दोन्ही बाजूंचे पंख्यासारखे स्नायू ते वजन धरतात. पोट आत, बरगड्या पुढे पडलेल्या नाहीत, मांड्या आवळलेल्या. डोकं जमिनीला फक्त टेकतं. मी डोक्याखाली कागद सरकवते. तो सहज ओढून काढता आला तरच पाय उचलायची परवानगी. झटका देऊन पाय वर फेकणाऱ्याला मी त्याच दिवशी घरी पाठवते.

आपल्या भावाचा कागद कधी निघाला नाही. डावा हात जोर लावायचा, उजवं कोपर बाहेर घसरायचं, उजवा खांदा कानाला येऊन चिकटायचा. आधी मला वाटलं आळस करताहेत. मग मी त्यांना उभं करून दोन्ही हातांनी भिंत ढकलायला सांगितली, तेव्हा लक्षात आलं की उजव्या दंडात ताकदच नाही. बोटं बधिर होतात का, असं विचारलं. ते नाही म्हणाले, पण फार लवकर म्हणाले. मी सांगितलं, आधी डॉक्टरांना दाखवा, तोवर हे आसन बंद, कारण खांद्यांनी धरलं नाही तर सगळा भार मानेच्या मणक्यांवर येतो. ते चटई गुंडाळून गेले ते परत आले नाहीत. मी दोन निरोप दुकानात पाठवले. घरी पाठवायला हवे होते, ती चूक माझी आहे.

ते अजूनही एकटे हे आसन करत असतील, तर त्यांना आजच थांबवा. मला उत्तर नाही लिहिलंत तरी चालेल.
आपली,
योगशिक्षिका

ता. १५ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

मला सगळं कळलंय. कुणाकडून, ते विचारू नकोस. हे पत्र हातात पडल्यापासून तू डोकं जमिनीला टेकवणार नाहीस. उद्याच्या उद्या वहिनीला घेऊन डॉक्टरांकडे जायचं. एकट्याने जायचं नाही, कारण तू एकटा गेलास आणि परत येऊन काही सांगितलंस तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणून कुणाला दिसत नाही असं नसतं. दंड दोनदा मोजणाऱ्या गाढवा, मी तुझ्यावर इतकी रागावले आहे की मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

उत्तर आल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर येणार नाही.
ताई

ता. २४ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आता थापा नाहीत. हिला घेऊन जाऊन आलो. डॉक्टरांनी आपला तळवा पुढे धरून मला ढकलायला सांगितलं. डाव्या हाताने त्यांना खुर्चीसकट हलवलं, आणि उजव्याने काहीच झालं नाही. ताई, मी पूर्ण जोर लावत होतो. ही बघत होती. मानेतली चकती सरकून उजव्या हाताच्या नसेवर दाब आलाय. दुखणं आधीचंच असावं, पण वरचेवर मानेवर उभं राहून मी आगीत तेल ओतलं. ऑपरेशन लागेल का, ते ७ एप्रिलला, शुक्रवारी ठरेल. गेलेली ताकद किती परत येईल, हे कुणी सांगत नाही.

कुठे जायचो ते सांगतो. दुकानातच. किल्ली माझ्याकडे असते. मालक यायच्या आधी मागच्या खोलीत, कपाट आणि भिंत यांच्या कोपऱ्यात चटई घालायचो आणि पाय वर फेकायचो. ऑक्टोबरात तर्जनी आणि मधलं बोट बधिर व्हायला लागलं. चिमट्यातून स्क्रू पडायचे आणि पडल्याचं कळायचंही नाही. उलटं राहिलं की नसा मोकळ्या होतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. वर्गात बाई पाय उचलू देईनात, मग मला वाटलं त्यांना माझं बरं व्हायला नकोय. बोटं जास्त बधिर झाली की मी श्वास वाढवायचो. वीसचे पन्नास केले. शिकलेला माणूस मी, पण अक्कल गहाण टाकली होती.

काल मालकांपुढे कबुली दिली. ते म्हणाले, त्यांना डिसेंबरातच कळलं होतं. जमिनीवर पडलेले स्क्रू ते रोज संध्याकाळी चुंबकाने उचलून माझ्या डबीत परत ठेवायचे. माझ्या हातून कुणाचं घड्याळ बिघडू नये आणि माझी जागाही जाऊ नये, म्हणून मोठी घड्याळं माझ्याकडे द्यायचे. शेजारच्या टेबलावरच्या ज्या माणसाने मालकांचे कान भरले असं मी ठरवलं होतं, तो तीन महिने माझं काम स्वतः करून माझ्या टेबलावर ठेवत होता. मी त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं.

लाज वाटते ती निराळी, पण त्याहून जास्त भीती वाटते. तीस वर्षं मला हे एकच येतं. तू रागाव, पण माझी साथ सोडू नकोस.
तुझा,
धाकटा

ता. २९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारणीकडून वाचून घेतलं. हे उत्तरही तीच लिहितेय, मी सांगतेय. अक्षर माझं नाही म्हणून दचकू नकोस. आधीची पत्रंही तिच्याच हातची होती, पण माझं अक्षर कसं आहे हे तुला कधी आठवलंच नाही.

दोन वर्षं झाली, मला जवळचं दिसत नाही. रोज सकाळी शेजारीण वीस सुया ओवून सुयांच्या उशीला टोचून ठेवते, आणि गिऱ्हाईक आलं की मी म्हणते, कामाची घाई असते म्हणून तयार ठेवते. सगळी शिवण बोटांनी चाचपून करते. डॉक्टरांकडे गेले नाही. गेले आणि त्यांनी काम बंद करा म्हटलं तर काय करायचं? मलाही हे एकच येतं. तुझी लबाडी मला इतक्या चटकन कळली, त्यात माझी हुशारी नव्हती. लपवणाऱ्याच्या सगळ्या खोडी मला घरबसल्या पाठ होत्या. तुझ्यावर, वहिनीवर, त्या बिचाऱ्या बाईंवर संशय घेत बसले, आणि माझ्याकडे कुणी संशयाने बघत नाही यात सुख मानलं. बाईंची मी माफी मागितली आहे.

तुझा कोट कापायला बसले होते. निळ्या कापडावरची खडूची रेघ मला दिसली नाही. कात्री घेऊन तासभर बसून राहिले, मग कापडाची घडी घालून ठेवली. हे मी शेजारणीलाही आत्ता, लिहिताना पहिल्यांदा सांगतेय. ती रडतेय, म्हणून ओळी वाकड्या आल्या असतील.

पुढच्या गुरुवारी सकाळच्या गाडीने येते. शुक्रवारी डॉक्टरांकडे मी तुझ्याबरोबर येईन. त्यानंतर तू मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने. एकटीने जायचं मला धाडस होत नाही.
तुझी,
ताई