दारातलं वाक्य

३ फेब्रुवारी, शनिवार

काय प्रयोग झाला! चपलासुद्धा काढलेल्या नाहीत, आधी लिहायला बसलोय.

बाप-लेकाचं भांडण. गोष्ट म्हटली तर एवढीच. शेवटी मुलगा बॅग उचलतो, घर सोडून निघतो. बाप खुर्चीतून उठतो, दीड पाऊल पुढे येतो — आणि थांबतो. ते अर्धं पाऊल! त्या नटाने सगळा अभिमान त्या अर्ध्या पावलात ठेवला होता. आणि मग ते वाक्य — "जा. पण दार मी लावणार नाही. वाऱ्याने लागलं, तर उठून पुन्हा उघडीन." लिहिणाऱ्याचे पाय धुऊन पाणी प्यावं!

येताना धाकटीने नेहमीचा उच्छाद मांडला. बहीण माझी, मागच्याच गल्लीत राहते, तिच्याशिवाय मी नाटकाला जात नाही. पण ही खोड! घरापर्यंत माझ्यासमोर उलटी चालते आणि आत्ताच बघितलेलं नाटक पुन्हा करून दाखवते. बापही तीच, लेकही तीच. आज एका सायकलवाल्यावर आदळली. माफी मागायचं सोडून त्यालाच म्हणते, "दिसत नाही का, नाटक चालू आहे!" मी म्हटलं, "अगं, मीही तिथेच बसलो होतो ना?" तर म्हणे, "असशील. मला म्हणू दे."

दारातलं वाक्य मात्र झकास म्हटलं तिने. पुन्हा काटा आला अंगावर.

५ फेब्रुवारी, सोमवार

छापखान्यात ते वाक्य सगळ्यांना ऐकवलं. मशीनच्या धडधडाटात ओरडून. शाईवाल्याने हातातला डबा खाली ठेवून ऐकलं. कानामात्रा — म्हणजे आमचा प्रूफं तपासणारा, लग्नपत्रिका हातात दिली तरी आधी चुका शोधतो — म्हणाला, "मीही बघितलंय ते नाटक. असं कधी म्हणाला बाप?"

झोपला असणार! दुसऱ्यांच्या चुका काढणारी माणसं नाटकात हमखास झोपतात.

११ फेब्रुवारी, रविवार

सिनेमा. परदेशी, खाली अक्षरं. हे एक बरं असतं! आपल्याकडचे हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. आवाज म्हणून फेकता येत नाही एकाला. मागे कशी शेवटच्या रांगेपर्यंत वाक्यं पोचायची! आता पहिल्या रांगेत बसूनही कान द्यावे लागतात. पहिली रांग हा धाकटीचा हट्ट. मान अवघडते माझी.

सिनेमातली म्हातारी एकटी जेवते. समोर रिकामी खुर्ची. मीठ घेते आणि डबी परत ठेवताना त्या खुर्चीकडे सरकवते, सवयीने. कुठे रडणं नाही, काही नाही. अशी नटी आपल्या नशिबात यायला पुण्य लागतं.

धाकटी येताना सरळ चालली. नाटक नाही, नक्कल नाही. "बरं नाही का गं?" तर म्हणे, "आज काय सांगायचं? सगळं वाचलंस ना तू." चमत्कारिकच बाई.

१२ फेब्रुवारी, सोमवार

दाराची घंटा बिघडली. दूधवाला म्हणतो, वाजवून वाजवून थकलो. वायरमन बघून गेला, म्हणे ठीक आहे. ठीक आहे, डोंबल!

१७ फेब्रुवारी, शनिवार

धाकटी लेकीकडे गेली. भाचीचे दिवस भरत आलेत. जाताना बजावून गेली, "दादा, नाटकाला एकटा जाऊ नकोस. कुणाला तरी घेऊन जा, आणि पुढे बस." मी काय कुक्कुलं बाळ आहे?

२५ फेब्रुवारी, रविवार

तिकिटं आम्हीच छापतो, म्हणून मालकांना पास येतात. ते कानामात्राला आणि मला मिळाले. सहाव्या रांगेतले.

मी आज जे बघितलं ते आयुष्यात बघितलं नव्हतं. नवरा वारलेली बाई. शेवटच्या प्रवेशात त्याचे कपडे आवरायला कपाट उघडते. आपल्याकडे पाठ करून उभी राहते — आणि संपूर्ण प्रवेश तशीच! एक शब्द नाही! नुसती पाठ. कपाटाच्या उघड्या दाराला अडकवलेल्या शर्टाची बटणं लावते, खालून वर. शेवटच्या बटणाशी हात थांबतो. मग ते बटण काढते. त्याला गळ्याशी आवळलेलं आवडत नसणार. देवा! अख्खं नाट्यगृह रडत होतं. मी तर हुंदके आवरेनात म्हणून रुमाल तोंडात कोंबला. मौन मौन म्हणतात ते हे.

राहवलं नाही. कानामात्रा "अहो, कशाला" करत असताना थेट रंगपटात घुसलो. ती बाई तोंडाचा रंग पुसत बसली होती. म्हटलं, "तुमच्या मौनाला नमस्कार करायला आलोय. एक शब्दही न बोलता तुम्ही आम्हाला मारून टाकलंत!"

तिने आरशातून कानामात्राकडे बघितलं. मग माझ्याकडे वळली, हात धरले माझे. "काका, तुम्हाला बटणं दिसली का?"

"दिसली म्हणजे? शेवटचं काढलंत तेव्हा तर..." पुन्हा रुमाल काढावा लागला.

"आजवर कुणीच बोललं नव्हतं त्याबद्दल," म्हणाली. डोळे भरून आले तिचे. इतकी मोठी नटी, पण मन लहान मुलीचं!

कानामात्रा परतताना सारखा माझ्याकडे वळून बघत होता. पचलं नसेल त्याला.

२६ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी मशीन थांबल्यावर कानामात्रा जवळ येऊन बसला. अगदी तोंडासमोर. "रागावू नका. ती बाई काल गप्प नव्हती. सगळा वेळ बोलत होती. शर्टाशी. हळू, पण नीट ऐकू येत होतं. लोक रडत होते ते त्या बोलण्याला."

मी म्हटलं, "वेड लागलंय तुम्हाला."

२७ फेब्रुवारी, मंगळवार

त्याला माझं कौतुक बघवलं नाही. दुसरं काय!

२८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी दार उघडं ठेवून घंटा स्वतः दाबली. बोट घंटेवर, कान घरात. शेजारीण लगबगीने बाहेर आली, "कोण आलंय हो एवढं घंटा बडवायला?"

कोणी नाही, म्हटलं.

२ मार्च, शनिवार

कानाचा डॉक्टर. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला झाकणं लावली. आवाज आला की बटण दाबा म्हणाला. मी वाट बघत बसलो. काचेपलीकडची मुलगी माझ्याकडे इतक्या मायेने बघायला लागली की मी उगाचच दोनदा बटण दाबलं.

जन्मभर मशीनशेजारी उभे राहिलात, त्याने खाल्ले कान, असं साधारण म्हणणं. छापखान्यात सगळेच ओरडून बोलतात, मग कळणार कसं? यंत्र लावलं तर बरंच परत येईल म्हणाला. बरंच म्हणजे किती ते नाही सांगितलं.

मला भीती वाटते. घरात मी एकटा. शनिवार-रविवारचं नाटक आणि धाकटीबरोबरचं घरी येणं, एवढ्यावर बाकीचा आठवडा ढकलतो. तेच गेलं तर? आणि तिला कळलं तर? नाटकाला दगड बरोबर कोण नेतं!

१० मार्च, रविवार

यंत्र मिळून तीन दिवस झाले. जग भलतंच किरकिरं आहे! नळ, पिशव्या, माझ्याच चपला. कानामात्रा जेवताना मचमच आवाज करतो, हे कळायला नको होतं.

भाचीला मुलगी झाली. धाकटीचा फोन आला. तिचा आवाज ऐकून चरकलो — म्हातारा झालाय गं तुझा आवाज! हे मनात. तोंडाने यंत्राचं सांगून टाकलं. ती म्हणाली, "बरं झालं बाई. उलटं चालून चालून टाचा गेल्या माझ्या."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"दोन वर्षं झाली, दादा."

फोन ठेवल्यावर बसून राहिलो. पहिली रांग. माझ्याकडे तोंड करून चालणं. एकेक वाक्य, माझ्या डोळ्यांसमोर, स्पष्ट ओठ हलवून. मला वाटायचं, पुन्हा ऐकतोय. पहिल्यांदाच ऐकत होतो! आणि मी तिला खोड म्हणत होतो. रडलो. यंत्रातून स्वतःचं रडणं फार मोठं ऐकू येतं.

२३ मार्च, शनिवार

धाकटी आली. उद्या बाप-लेकाचं नाटक पुन्हा आहे. म्हटलं, चल. ते दारातलं वाक्य मला त्या नटाच्या तोंडून ऐकायचंय. ती "दुसरं काही बघू या का?" म्हणत होती. मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकू आलं, पण ऐकलं नाही.

२४ मार्च, रविवार

शब्द न् शब्द ऐकू आला. मुलाने बॅग उचलली. बाप उठला, दीड पाऊल, थांबला. मी श्वास धरून बसलो.

बाप म्हणाला, "पोहोचलास की कळव." पडदा.

दार नाही. वारा नाही. धाकटीकडे बघितलं तर ती खुर्चीखाली वाकून चपला शोधत होती.

बाहेर आल्यावर विचारलं, "हे काय गं?"

"त्याला सुचलं नाही, त्याला मी काय करू?" म्हणाली.

यंत्र काढून खिशात टाकलं. म्हटलं, "हं, कर सुरू." ती माझ्याकडे तोंड करून उलटी चालायला लागली.